ताईनं मशिनं निवडली

धक्क्यावरच्या शेडमध्ये जाळी दुरुस्त करत बसणाऱ्या त्या माणसाला आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलंसं नाव होतं, पण वापर नसल्यानं ते कधीच गंजून गेलं होतं. सगळं बंदर त्यांना दाजी म्हणायचं. त्याला कारण एकच. त्यांची बायको सगळ्या बंदराची ताई, आणि ताईचा नवरा तो दाजी. मग हाक मारणारा कालपरवा मिसरूड फुटलेला खलाशी असो, नाहीतर सत्तरी ओलांडलेला बर्फवाला असो.

ताई मासेमारीच्या बोटीची कप्तान होती. बोट मध्यम, म्हणजे होडी म्हटलं तर बोटीला राग यावा आणि जहाज म्हटलं तर लोकांना हसू यावं अशी. पाच माणसं मोकळेपणानं वावरतील एवढा डेक, खाली मासळी आणि बर्फ ठेवायची खोल कोठी, पुढे काचेची छोटी केबिन. मागच्या फळीवर बाहेरच्या बाजूनं टांगलेली दोन आउटबोर्ड मशिनं होती. डोकी वर आणि पंखे पाण्यात.

बोट तिच्या वडिलांची. वडिलांच्या गुडघ्यांनी संप केला तेव्हा तिचा भाऊ अजून शाळेत होता. चार दिवस तू सांभाळ, मी बरा होतो, असं म्हणून वडिलांनी बोटीचं चाक लेकीच्या हातात दिलं. चार दिवस कसले नि काय. वडील बरे झाले, पण तोवर खलाशांना पोरीची सवय झाली होती आणि पोरीला समुद्राची. वडिलांनी मुकाट्यानं धक्क्यावरच्या मासळी लिलावाचं काम धरलं आणि मरेपर्यंत तेच केलं.

दाजी ह्या गावात जाळी विणायला म्हणून आले होते. पहिली ओळखच भांडणानं झाली. ताई एक जाळं खांद्यावर टाकून शेडमध्ये शिरली आणि म्हणाली, "ही वीण कोणी घातली? हिच्यातून मासा काय, मासेवालीही निसटेल!" दाजींनी जाळं हातात घेतलं, नीट पाहिलं आणि कबूल केलं की वीण चुकली आहे; फक्त ती घालणारा कारागीर गेल्या वर्षीच काम सोडून गेला आहे. मग दोघंही हसले. पुढचं सांगायला नको.

लग्नानंतर ताईनं नवऱ्याला हौसेनं बोटीवर नेलं. धक्का नजरेआड व्हायच्या आत दाजींनी पोटातलं होतं नव्हतं ते समुद्राच्या हवाली केलं आणि डेकवर आडवे झाले. ताईनं बोट वळवली. त्या दिवशीची मासेमारी बुडाली. धक्क्यावर उतरवताना ती एवढंच म्हणाली, "अहो, समुद्र काही पळून जात नाही. आणि जाळी जमिनीवरच विणतात." नंतर तिनं त्यांना कधी आग्रह केला नाही आणि तो दिवस कधी उगाळलाही नाही. दाजीही पुन्हा कधी बोटीवर चढले नाहीत. चढले तरी बोट धक्क्याला बांधलेली असतानाच, आणि तेही कठड्याला धरून.

त्यामुळे झालं असं की, आपली बायको नेमकं काय काम करते हे दाजींना दुसऱ्यांच्या तोंडून कळायचं. "काल ताईनं काय वळवली बोट, वा!" असं कोणी शेडच्या दारात उभं राहून सांगे. दाजींच्या अंगावर मूठभर मांस चढे, आणि ते सुई चालवत म्हणत, "हं, वळवते ती." पण कशी वळवते ते त्यांना माहीत नव्हतं. लग्नाला तीस वर्षं होत आली, तरी त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

मशिनं जुनी झाली होती. धूर जास्त आणि धाव कमी, अशी त्यांची गत होती. एका सकाळी बोट लिलावाला आलीच नाही. दाजी सुई हातात तशीच धरून धक्क्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं बोट दिसली, पण दुसऱ्या बोटीच्या दोराला बांधलेली, लंगड्या जनावरासारखी मागून येत असलेली. ओढून आणणारा होता गॉगल. हा पलीकडच्या बोटीचा मालक. पावसातही डोळ्यांवरचा काळा चष्मा काढत नसे, म्हणून गॉगल.

"ताई, आता ह्या म्हाताऱ्यांना पेन्शन द्या," तो दोर सोडत म्हणाला. "माझ्यासारखी घ्या दोन. उडत याल."

मिस्त्रीनं दोन्ही मशिनं उघडून पाहिली आणि हात पुसत मान हलवली. एकाचं पोट गेलं होतं आणि दुसऱ्याचेही दिवस भरले होते. सुटे भाग आता बनतच नव्हते. नवीच घ्यायला हवी होती.

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर ताईचा भाऊ फोन पुढे करून बसला. ह्याला सगळे धाकटा म्हणत. चाळिशी उलटली, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी तो धाकटाच राहिला. बोटीत त्याचा अर्धा वाटा होता आणि समुद्रावर तो बहिणीच्या हाताखाली काम करी, पण जीभ तेवढी मोकळी होती.

"ही बघ ताई. गॉगलनं घेतलीत तीच. एकेक अडीचशे हॉर्सपॉवर! दोन मिळून पाचशे घोडे."

"पाचशे घोडे बांधू कुठे?"

"चेष्टा नको. लिलावाला पहिला येतो त्याला भाव मिळतो. आपण रोज शेवटून दुसरे. दाजी, तुम्ही सांगा हिला."

दाजी ताटात बघत राहिले. बहीणभावाच्या मधे पडणं म्हणजे दोन बोटींच्या मधे हात घालणं, हे ते फार पूर्वी शिकले होते.

"तुझं चूक नाही," ताई म्हणाली. "शेवटून दुसरं येणं मलाही सोसत नाही. पण गॉगल काय करतो? जवळ जातो, थोडं पकडतो, पटकन परत येतो. आपण लांब जातो आणि गळ्यापर्यंत भरून येतो. त्याला धावायचं असतं, आपल्याला ओढायचं असतं. जरा बघू दे मला."

"बघ की! घोडामैदान जवळच आहे. उद्या शोरूमला जाऊ."

शोरूममध्ये मशिनं ओळीनं स्टँडवर उभी होती. पांढरी, काळी, करडी, एकाहून एक चकचकीत. धाकटा थेट सगळ्यात मोठ्यापाशी गेला आणि त्याच्या टोपणावरून लग्नाच्या घोड्यावरून फिरवावा तसा हात फिरवायला लागला. ताईनं मात्र एकाही टोपणाला हात लावला नाही. ती प्रत्येक मशिनापाशी वाकायची, खालचा पंखा हातानं फिरवायची, त्याच्या पात्यांचा घेर किती ते बघायची आणि पुढे जायची. दाजी तिची पर्स धरून मागे मागे.

शोरूम चालवणारी बाई तिशीची, बाह्या दुमडलेली. तिला सगळे मॅडम म्हणत. तिनं ताईला थोडा वेळ नुसतं बघू दिलं. मग जवळ येऊन म्हणाली, "रिकामी बोट किती पळावी ते नका सांगू. ते सगळेच सांगतात. भरलेली बोट परत कशी येते ते सांगा."

ताई सरळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते दाजींना ओळखीचं होतं. लिलावात खरं गिऱ्हाईक भेटलं की यायचं तसलं.

मग दोघींचं जे सुरू झालं, त्यात बाकीच्यांना जागाच उरली नाही. मागची फळी पाण्यापासून किती उंच? कोठी भरली की किती खाली जाते? एक मशीन बंद पडलं तर बंदराच्या तोंडातून आत येता येतं का? मॅडम विचारत होती, ताई उत्तरं देत होती, आणि मधेच ताई विचारत होती आणि मॅडम उत्तरं देत होती. शेवटी ताईनं मोठ्या मशिनाकडे बोट दाखवून विचारलं, "ह्याचं वजन काय?"

मॅडमनं सांगितलं. ताईनं मनाशी काहीतरी जुळवलं आणि दाजींना नखशिखांत न्याहाळलं.

"चार दाजी," ती म्हणाली.

"काय?" दाजी दचकले.

"एक मशीन म्हणजे चार तुमच्याएवढे. दोन म्हणजे आठ. आणि आपली जुनी दोन्ही मिळून चार. म्हणजे मागच्या फळीवर चार माणसं जास्तीची, कायमची उभी." ती धाकट्याकडे वळली. "उद्या बघू या काय होतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरात जे झालं त्याची आठवण काढून लोक अजून हसतात. जुनी मशिनं फळीवरून उतरवलेली होती. ताईनं कोठीत बर्फ भरून घेतला, ओली जाळी चढवली, पाण्याची पिंपं ठेवली; भरगच्च पकड घेऊन परत येताना बोट असते तशी तिला केली. मग धक्क्यावर उभी राहून तिनं माणसं बोलावली.

"तू, तू, तू आणि तू. तुम्ही डावं मशीन. फळीला पाठ लावून उभे राहा."

चार खलाशी हसत हसत डाव्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

"आता उजवं मशीन. बर्फवाले काका, या. तू ये. तूही ये. एक कमी पडतोय." तिनं इकडेतिकडे पाहिलं. "अहो, तुम्ही या."

"मी?"

"बोट बांधलेली आहे. फक्त उभं राहायचंय."

दाजी उजव्या मशिनात सामील झाले. तेवढ्यात गॉगल आला आणि धक्क्यावरूनच ओरडला, "काय दाजी, किती हॉर्सपॉवर?"

"अर्धा," दाजी म्हणाले. "आणि तोही सकाळचा चहा झाल्यावर." सगळं बंदर हसलं.

पण मग हसणं हळूहळू थांबलं. डेकवर आलेलं पाणी बाहेर जावं म्हणून मागच्या फळीशी दोन भोकं ठेवलेली असतात. आठ माणसांच्या भारानं फळी खाली गेली, आणि त्याच भोकांतून बाहेरचं पाणी आत यायला लागलं. आधी बारीक, मग धारेनं. दाजींच्या चपला भिजल्या. धक्क्याला बांधलेली, शांत पाण्यातली बोट. आणि तिच्या डेकवर घोट्याएवढं पाणी! बाहेर लाटा असतील तेव्हा काय होईल, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

"भोकांना बुचं मारता येतील की," धाकटा म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"मग डेकवर आलेलं पाणी बाहेर कसं जाईल?" ताईनं शांतपणे विचारलं. "बरं, डावीकडून एक उतरा. उजवीकडून एक उतरा." दोघं उतरले. पाणी थांबेना. "अजून एकेक." उजवीकडून बर्फवाले काका उतरले. आता मागे उरले चौघं. भोकं पाण्याच्या वर आली. "आता डावीकडे बर्फाची एक लादी ठेवा. उजवीकडे एक." भोकं अजून कोरडी होती, पण जेमतेम. ताईनं फळीवर पाणी टेकलं होतं तिथे खडूनं रेघ मारली. "इथपर्यंत. ह्याच्याहून जड मशीन माझ्या बोटीला नको, मग त्यात हजार घोडे असोत."

दाजी खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा जरा पिवळा पडला होता. बांधलेली बोटही थोडी हलतेच. पण हातातल्या ओल्या चपलांकडे बघत ते मनाशी म्हणाले, हे हिला सुचलं कसं? पुस्तक नाही, गणित नाही, माणसं उभी केली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवून दिलं. आणि धाकट्याला कुठेही खाली पाहायला लावलं नाही.

रेघेच्या आत बसणारी दोन प्रकारची मशिनं मॅडमकडे होती. ताकद दोघांची सारखीच, शंभर हॉर्सपॉवर. एक प्रकार पळायला चांगला; त्याचा पंखा लहान आणि गरागरा फिरणारा. दुसऱ्याच्या पोटातले दातेच वेगळे. त्याचा पंखा मोठा, सावकाश फिरणारा, पण पाण्याला घट्ट धरून रेटणारा. ताईला दुसरं हवं होतं. पण ते शोरूममध्ये नव्हतं. मागवावं लागणार होतं, आणि यायला बरेच आठवडे लागणार होते.

"हंगाम तोंडावर आलाय!" धाकटा कळवळला. "पहिलं आजच बसेल. ताकद सारखीच आहे म्हणतायत ना?"

मॅडम मधे बोलली. तिनं पहिलं मशीन विकलं असतं तर तिचा सौदा त्याच दिवशी झाला असता. तरी ती म्हणाली, "ताकद सारखी, पण ती वापरायची पद्धत वेगळी. सायकल चढावर घेताना तुम्ही कुठला गिअर टाकता? तुमच्या ताई म्हणतात ते त्यांच्या कामाला बरोबर आहे. घाई असेल तर पहिलं देते, पण मग मला दोष देऊ नका."

"थांबू," ताई म्हणाली.

तो थांबण्याचा काळ घरात कोणालाच सोपा गेला नाही. गॉगलची बोट रोज फेस उडवत जायची आणि फेस उडवत यायची. ताईचे खलाशी शेडमध्ये दाजींच्या हाताखाली जाळी शिवत बसायचे. ताईही बसायची. तिची बोटं चाकाला सरावलेली. सुई धरली की दोरा नको तिथे अडकायचा. दाजी गुपचूप तिची वीण उसवून परत घालायचे. एकदा तिनं पकडलं.

"उसवताय?"

"नाही गं, बघतोय."

"खोटं बोलू नका. मासेवाली निसटेल म्हणून घाबरताय."

दोघं हसले, पण दाजींना तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसत होती. तिला झोप लागत नव्हती. एका दुपारी शेडमध्ये कोणी नसताना ती म्हणाली, "अहो, मी चुकले तर पाच घरांची चूल माझ्यामुळे थंड पडेल. धाकटा म्हणतो तेच बरोबर असलं तर?"

दाजींनी सुई खाली ठेवली. समुद्रातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि कळतं असं नाटक त्यांनी कधी केलं नव्हतं. ते म्हणाले, "मला मशिनातलं ओ की ठो कळत नाही. पण मी जाळं घेताना दोरा कसा बघतो? रंग बघत नाही. ओला करून, ताणून बघतो. तू तेच केलंस. आता मशीन आलं की त्यालाही ताणून बघ. नाही पटलं तर मॅडमला परत कर. तसं ठरवून ठेव आधीच."

ताईनं फोन उचलला आणि मॅडमशी तसंच ठरवलं. चाचणीत उतरलं तर सौदा पक्का.

मशिनं आली. मिस्त्रीनं दिवसभर खपून ती फळीवर चढवली, तारा जोडल्या, चाकाला जोडली. ती चकचकीत होती, पण गॉगलच्या मशिनांसमोर ठेंगणीच दिसत होती. "ही अजून पोरं आहेत का, मोठी व्हायची?" असं कोणीतरी धक्क्यावरून विचारलंच. ताईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चाचणीचा दिवस तिनं मुद्दाम वाऱ्याचा निवडला आणि वेळ ओहोटीची. बंदराचं तोंड अरुंद, दोन दगडी भिंतींच्या मधे. ओहोटीला आतलं सगळं पाणी तिथून अंगावर येतं; त्या वेळी भरलेली बोट आत आणणं म्हणजे जिन्यावरून उतरणाऱ्या गर्दीतून वर चढणं. ताईनं बर्फ भरला, जाळी चढवली, पिंपं भरली, खलाशी घेतले. मॅडम लाइफ जॅकेट घालून स्वतः आली. तरी खडूच्या रेघेकडे पाहून ताई म्हणाली, "अजून थोडं वजन हवं."

"मी येतो," धक्क्यावरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दाजी जाकिटाचे पट्टे उलटे बांधत उभे होते.

"दाजी, अहो, बोट सुटणार आहे!" धाकटा म्हणाला.

"ठाऊक आहे. वजनच हवंय ना? वजनाला काय, बरं वाटायला हवं असं थोडंच आहे."

ताईनं जवळ येऊन त्यांच्या जाकिटाचे पट्टे सोडले, नीट बांधले आणि म्हणाली, "केबिनच्या दारात बसा. डोळे मिटू नका, लांब क्षितिजाकडे बघा. आणि ही बादली."

बादलीचा उपयोग भिंती ओलांडताच झाला. पुन्हा एकदा झाला. मॅडमनं पाण्याची बाटली दिली, तिचाही उपयोग झाला. दाजींना वाटलं, आता मरण आलं तरी त्याला बसा म्हणावं. पण त्यांनी डोळे मिटले नाहीत. क्षितिजाकडे बघायला सांगितलं होतं, ते मात्र त्यांनी ऐकलं नाही. ते ताईकडे बघत होते.

घरात भाजी जळली की आरडाओरडा करणारी ही बाई इथे ओरडतच नव्हती. तिचे पाय जरा फाकलेले, गुडघे सैल; बोट खाली गेली की ती खाली, बोट वर आली की ती वर, जणू दोघींचा कणा एकच. डावा हात चाकावर, उजवा मशिनांचा वेग कमीजास्त करायच्या दांड्यांवर. समोरच्या काट्यांकडे ती अधूनमधून बघायची, पण जास्त बघायची पाण्याकडे. एखादी मोठी लाट दाजींना दिसायच्या आधी तिचं मनगट हललेलं असायचं. मग लाट यायची आणि बोटीच्या अंगाखालून निमूट निघून जायची. खलाशांना ती काही सांगत नव्हती. मान वळवायची, आणि ज्याला कळायचं त्याला कळायचं.

मग तिनं बोट वळवली. समोर बंदराचं तोंड, त्यातून उसळत बाहेर येणारं पाणी.

"उजवं बंद करतेय," ती म्हणाली. "उचला वर."

एक मशीन गप्प झालं आणि त्याचा पंखा पाण्याबाहेर आला. बोट लगेच एका अंगाला ओढ घ्यायला लागली. ताईनं चाक थोडं फिरवून ती ओढ मोडली आणि दांडी हळूहळू पुढे सारली. भिंतीत एक गंजलेलं लोखंडी कडं होतं. दाजींनी त्याच्यावर नजर लावली. कडं जागच्या जागी होतं. बोट पाणी कापत होती, मशीन घुमत होतं, आणि कडं तिथेच. दाजी पोटातलं सगळं विसरले.

मग कडं मागे सरकलं. बोटभर. वीतभर. मोठा पंखा पाण्याला धरून रेटत होता. घसरत नव्हता, घाई करत नव्हता. कडं केबिनच्या खिडकीतून निसटून मागे गेलं, मग डेकच्या मागे गेलं. डेकवर पाणी नव्हतं. भोकं कोरडी होती.

"खेचतंय," धाकटा पुटपुटला. मग मोठ्यानं ओरडला, "ताई, खेचतंय गं!"

"दिसतंय मला," ताई म्हणाली. "पुन्हा बाहेर जाऊ. आता डावं बंद करून बघू."

पुन्हा बाहेर जायचं ऐकून दाजींनी बादली जवळ ओढली. पण त्यांची छाती अशी भरून आली होती की बांधलेले पट्टे काचायला लागले. ते शेजारी बसलेल्या मॅडमला म्हणाले, "पाहिलंत?"

"पाहिलं ना. मशीन छान आहे."

"मशीन नाही हो," दाजी म्हणाले. "ती."

धक्क्यावर उतरल्यावर त्यांना जमीन डुलताना दिसत होती. ताईनं त्यांचा दंड धरला. "कशाला आलात? एवढे हाल."

त्यांना खूप काही सांगायचं होतं. लोक सांगायचे ते सगळं कमी होतं, हे सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच : "अगं, तू लाटेच्या आधी वळवतेस."

ताई चक्क लाजली. "मग काय नंतर वळवू?" ती म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

सौदा झाला. पुढे सगळं गुलाबी झालं असं नाही. वेगाच्या बाबतीत धाकट्याचं म्हणणं खरं ठरलं. गॉगलची बोट लिलावाला आधी पोचायचीच. ताईनं त्यावर निघायची वेळ अलीकडे आणली, तेव्हा खलाशी कुरकुरले. पण नव्या मशिनांना पेट्रोल कमी लागायचं, म्हणून पेट्रोलच्या डब्यांच्या जागी बर्फ जास्त नेता यायला लागला. मासळी जरा उशिरा यायची, पण ताजी, ताठ यायची. हळूहळू दोन-तीन मोठे खरेदीदार तिच्यासाठी थांबायला लागले. गॉगलचंही बरं चाललं होतं. त्याच्या कामाला त्याची मशिनं योग्यच होती, आणि ताई तसं सगळ्यांना सांगायची.

हंगाम संपत आला तेव्हा एका वादळी दिवशी वाहत आलेला दोर बोटीच्या एका पंख्यात गुंतला. कोठी काठोकाठ भरलेली, ओहोटी लागलेली. दाजी धक्क्याच्या टोकाला उभे होते. ह्या वेळी बोटीच्या केबिनमध्ये काय चाललं असेल ते त्यांना चित्रासारखं दिसत होतं : सैल गुडघे, डावा हात, उजवा हात. शेजारचे लोक काळजीनं बोलत होते. दाजी म्हणाले, "येईल. हळू येईल, पण येईल." बोट भिंतींमधून मुंगीच्या पावलानं आत आली, एकाच मशिनावर, आणि तिच्या कोठीतली एक टोपलीही समुद्रात टाकावी लागली नव्हती.

लिलावात धाकटा खोक्यावर चढून खरेदीदारांना सांगत होता, "मी आधीपासून म्हणत होतो, पळणारं नको, ओढणारं हवं! आम्ही काय उगाच निवडलं? माणसं उभी करून बघितली, माणसं!" गॉगलनं पहिल्यांदाच चष्मा कपाळावर सरकवला आणि ताईकडे पाहिलं. ताईनं भावाला बोलू दिलं.

मग ती शेडमध्ये आली. ओले बूट काढले आणि म्हणाली, "चहा टाका ना." दाजी चहा घेऊन वळले तोवर ती जाळ्यांच्या ढिगावर आडवी होऊन गाढ झोपली होती. दाजींनी कप खाली ठेवला. शिवायचं जाळं नेमकं तिच्या पायाखाली गेलं होतं. त्यांनी ते ओढलं नाही, जेवढं मोकळं होतं तेवढं मांडीवर घेतलं, आणि बाहेर कोणीतरी "दाजी, ताई आहे का?" म्हणून विचारलं तेव्हा ओठांवर बोट ठेवून त्याला परत पाठवलं.